व्हॅनचं लाल तेल

सोमवार, १ जुलै

ही वही सेतेफानोने गाडीसाठी दिली आहे, माझ्यासाठी नाही. काल विमानतळावर सगळ्या गोतावळ्यादेखत ती माझ्या हातात ठेवून म्हणाला, "तारीख, किलोमीटर, टायरची हवा, गिअरचं तेल. एवढंच लिहायचं." चोवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने दिलेली पहिली वही, आणि तिच्यात काय लिहायचं तेही त्यानेच ठरवलेलं. आता तो चार महिने तिकडे सामोआत भावाबरोबर घर बांधणार. मी इथे ऑकलंडमध्ये या वहीत मला हवं ते लिहिणार.

गाडीचंही लिहिते, नाहीतर परत आल्यावर तोंड फुगवून बसेल. किलोमीटर दोन लाख बारा हजार. हवा पस्तीस. तेल बघायचं राहिलं.

आठ जणांची व्हॅन आहे, जपानहून जुनी आलेली. चावी फिरवली की आतून एक जपानी बाई काहीतरी बोलते. काय बोलते ते अकरा वर्षांत कुणाला कळलेलं नाही. पापा रोज तिला "तुलाही" म्हणतात.

पापा म्हणजे माझे सासरे, लाफाएले. दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातला त्यांना हॉस्पिटलात मशीनवर बसवायचं, ही आतापर्यंत सेतेफानोची कामगिरी, आता माझी. मी वीस वर्षं गाडी चालवते, पण बाजार आणि चर्च एवढ्यातच. हायवेवर आज पहिल्यांदा गेले. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, पापांनी त्याला काचेतून आशीर्वाद दिला.

काल विमानतळावर आणखी एक झालं, तेही लिहून टाकते. सेतेफानोची थोरली बहीण फिलेमू सगळ्यांसमोर म्हणाली, "गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर पापा माझ्याकडे येतील राहायला. मग मला कुणी काही सांगायचं नाही." आमच्यात नवऱ्याच्या बहिणीचा शब्द म्हणजे शब्द. सुनेने त्यावर बोलायचं नसतं. मी "हो ताई" म्हटलं.

आणि खरं सांगायचं तर मनात आलं, जाऊ देत की. मला सकाळी सातपर्यंत झोपता येईल.

गुरुवार, ४ जुलै

तेल बघितलं. सेतेफानोने शिकवलं होतं तसं बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, फडक्याने पुसली, परत आत घातली, परत काढली. तेल लाल असतं हे मला माहीत नव्हतं. पट्टीवर दोन खुणा आहेत आणि शेजारी जपानीत बारीक काहीतरी लिहिलंय. वरच्या खुणेपर्यंत हवं, असं त्याने बजावलं होतं. सकाळी गाडी सुरू करण्याआधीच बघितलं, म्हणजे घाईत विसरायला नको. तेल खालच्या खुणेशी होतं. मी नरसाळं लावून वरच्या खुणेपर्यंत भरलं.

हात धुतले तरी वास जात नाही. पण छान वाटलं. पापा खिडकीतून बघत होते, त्यांनी मान डोलावली.

रविवार, ७ जुलै

चर्चनंतर सगळे आमच्याकडे जेवायला. तारोचे उकडलेले कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, कोंबडी, बटाट्याची बीट घातलेली कोशिंबीर. फिलेमूने पहिला घास घेऊन सांगितलं, "लुपे, तारो कच्चा राहिलाय." मग तीनदा वाढून घेतला.

जेवण होतंय तोच तिला आठवलं की तिचं भजनाचं पुस्तक व्हॅनमध्ये राहिलंय. चावी घेऊन गेली ती पाव तासाने आली. पांढऱ्याशुभ्र चर्चच्या झग्याच्या बाहीवर लाल डाग. मी म्हटलं, "ताई, हे काय झालं?" तर म्हणे, "तुझ्या कोशिंबिरीचं बीट. जरा घट्ट करत जा." बाई पन्नाशी उलटून गेली तरी सांडून खाते, आणि नाव माझ्या कोशिंबिरीला.

शुक्रवार, १२ जुलै

नर्सने पापांना बजावलंय, पायांना व्यायाम हवा. म्हातारा मनावर घेणार नाही असं मला वाटलं होतं. पण ते रोज पहाटे स्वेटर चढवून अंगणात जातात. मी न्याहारी करते तोवर वीस मिनिटं बाहेर असतात, आणि धापा टाकत परत येतात. तळवे काळे झालेले असतात. व्हॅनला धरून धरून चालतात, असं म्हणाले. मी म्हटलं, पडू नका म्हणजे झालं.

नर्सने आज त्यांना झापलं मात्र. दिवसाला एक लिटर पाणी प्यायची परवानगी, चहा-सूप धरून, आणि दोन दिवसांत वजन तीन किलोनं वाढलेलं. "हे सगळं पाणी आहे, पापा. मशीनने किती काढायचं?" पापा छताकडे बघत म्हणाले, "हवेत ओलावा फार आहे." मीही तेच म्हटलं. जुलै महिना आहे, भिंतीसुद्धा ओल्या आहेत.

शनिवार, २० जुलै

पेट्रोलपंपावर हवा भरायला गेले तर काटा आधीच बेचाळीस दाखवतोय. मी गेल्या शनिवारी पस्तीस भरली होती. हवा आपोआप वाढते का? पंपाचा काटा बिघडलाय हे उघड आहे. काउंटरवरच्या माणसाला तसं सांगितलं, त्याने खांदे उडवले. मग मी अंगठ्याने दाबून बघितलं. टायर घट्ट वाटले. थोडी हवा घातलीच, कारण आलेय तर रिकाम्या हाताने काय जायचं.

गिअरचं तेल परत पाहिलं, सकाळी. वरच्या खुणेच्या जरा खाली होतं. अर्धा पेला घातलं. सेतेफानोला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "शाब्बास." मग लगेच, "जरा पापांना दे फोन." पापा फोन घेऊन मागच्या ओट्यावर गेले. बापलेकांची काय गुपितं असतात देव जाणे.

शुक्रवार, २ ऑगस्ट

आज लिहायला काही कारण नाही. बरं वाटतंय म्हणून लिहिते.

जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास, पापा माझ्या शेजारच्या सीटवर. येताना ते दमलेले असतात, जाताना मात्र बोलतात. तिकडे सामोआत, आपिया शहरात त्यांनी तीस वर्षं बस चालवली. लाकडी बाकांची बस, माणसं माणसांच्या मांडीवर बसायची. मी ब्रेक दाबला की म्हणतात, "सावकाश गं पोरी. मागे बाई अंडी घेऊन बसलीय असं समज." मी मागे बघते. मागे कुणी नसतं, त्यांची काठी असते. पण मी सावकाश दाबते.

आज त्यांनी सांगितलं की एकदा त्यांच्या बसमध्ये एका बाईला कळा सुरू झाल्या, तर त्यांनी सगळ्या प्रवाशांना उतरवलं आणि बस बाईसकट हॉस्पिटलच्या दारात नेली. उतरवलेले चाळीस लोक मागून गाणी म्हणत चालत आले, कारण तिकिटाचे पैसे दिलेले. मला इतकं हसू आलं की हायवेवरून बाहेर पडायचा रस्ता चुकला.

चोवीस वर्षं मी या माणसाला जेवायला वाढतेय. एवढं बोलणं आमच्यात कधी झालं नव्हतं. सुरुवातीला जे लिहिलंय, जाऊ देत की, ते आता खोडून टाकावंसं वाटतंय. खोडत नाही. लिहिलं तेव्हा तसंच वाटलं होतं.

रविवार, ११ ऑगस्ट

फिलेमू आज भजनाच्या पुस्तकासाठी नाही, छत्रीसाठी व्हॅनकडे गेली. आकाश स्वच्छ होतं. ती आत आली आणि मला म्हणाली, "गाडीची काळजी घेतेस ना गं नीट?" मी म्हटलं, "घेते ताई." ती म्हणाली, "बघते मी." तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. गाडी कधी बंद पडते आणि पापांना कधी नेते, याचीच ती वाट बघतेय.

बुधवार, २१ ऑगस्ट

गिअर टाकला की गाडी लगेच हलत नाही. मनात दोन आकडे मोजावे लागतात, मग हिसका देऊन निघते. चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागच्या जागी. बसच्या गोष्टी आज नाहीत.

पट्टी बघितली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. मी तर दोनदाच घातलंय. विचार करून डोकं दुखायला लागलं. मग म्हटलं, कमी असण्यापेक्षा जास्त बरं.

व्हॅन हल्ली उसळतेही फार. रस्त्यावर एवढासा खड्डा आला तरी पापांची टोपी डोळ्यांवर येते.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

झालं.

हायवेवर चढायच्या रस्त्यावर, सहा पस्तीसला. इंजिन किंचाळलं आणि व्हॅन मंदावत मंदावत थांबायला लागली. मी कशीबशी कडेला घेतली. जळका वास. जपानी बाई मात्र शांतपणे काहीतरी सांगत होती. पापांनी आज तिला उत्तर दिलं नाही.

ते खाली उतरले, मी नको नको म्हणत असताना. बॉनेट उघडून पट्टी काढली. पट्टीवर तेल नव्हतं, नुसता गुलाबी फेस. पापा बराच वेळ त्या फेसाकडे बघत राहिले. मग पट्टी जागेवर ठेवून गाडीत येऊन बसले आणि टोपी मांडीवर ठेवली.

टो करणाऱ्याला फोन केला तर एक तास लागेल म्हणाला. मशीन चुकलं तर पापांना धाप लागते, गेल्या वर्षी आम्ही ते एकदा पाहिलंय. जवळ राहणारी, स्वतःची गाडी असलेली एकच व्यक्ती होती. तिला फोन केला की काय होणार तेही मला माहीत होतं. मी फोन केला.

फिलेमू बारा मिनिटांत आली, कामावरच्या गणवेशातच. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण नाही. पापांना हाताला धरून तिच्या छोट्या गाडीत बसवलं आणि गेली. मशीनला अर्धा तास उशीर झाला, पण चुकलं नाही. मी कडेला उभी राहून रडले, ट्रक जातच होते.

व्हॅन विलियामीच्या गॅरेजमध्ये नेली. तो टोंगन, आमच्या शेजारच्या बेटांवरचा. सामोअन माणसाची फिरकी घ्यायला मिळाली की त्याचा दिवस चांगला जातो. त्याने गाडी वर चढवली, खालचा बोल्ट काढला आणि बादली लावली. तेल येतच राहिलं. तो बादलीकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय.

"वहिनी, या गाडीत किती जण तेल घालतात?"

"मी एकटी. दोनदा. थोडंसं."

"दोन लिटर जास्त होतं. जास्त झालं की आत घुसळून फेस होतो, आणि फेसावर गिअर चालत नाहीत." मग त्याने मला पट्टी दाखवली. खालची खूण थंड गाडीसाठी, वरची गरम गाडीसाठी. सकाळी थंड असताना वरच्या खुणेपर्यंत भरलं, म्हणजे रोज जास्तच. "जपानीत तसं लिहिलंय बहुतेक. मलाही वाचता येत नाही, पण मी विचारतो तरी लोकांना."

टायर बघून तर तो खालीच बसला. "शेहेचाळीस! मध्येच घासलेत बघा, कडा कोऱ्या. पुढचे दोन गेले." म्हणजे पंपाचा काटा बिघडला नव्हता. मग हसत म्हणाला, "टोंगन घर असतं तर कुणी हवाही भरली नसती आणि तेलही घातलं नसतं. गाडी मजेत चालली असती."

गिअरबॉक्स वाचलाय म्हणाला. नवीन तेल, पुढे दोन टायर, सोमवारपर्यंत ठीक. पण त्याने काय होणार आता? गाडी रस्त्यात बंद पडली, आणि ती पडली हे फिलेमूने डोळ्यांनी पाहिलंय.

दोन लिटर. माझं मिळून पाऊण लिटरसुद्धा नसेल.

रविवार, १ सप्टेंबर

पितृदिन. चर्चमध्ये सगळ्या बापांना पुढे बोलावून हार घातले. पापांच्या गळ्यात तीन हार होते, शर्ट दिसत नव्हता.

जेवायला बसलो आणि सेतेफानोचा फोन आला. फिलेमूने तो टेबलावर, सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. त्याने पापांना शुभेच्छा दिल्या आणि विचारलं, "गाडी काय म्हणते?" मी सगळं सांगितलं. फेस, बादली, दोन लिटर, शेहेचाळीसची हवा. "आणि मी शपथेवर सांगते, मी पाऊण लिटरच्या वर घातलेलं नाही."

पापा ताटातल्या तारोकडे बघत होते. फिलेमू बाही खाली ओढत होती.

मग पापा म्हणाले, "त्याने मला फोन केला होता. म्हणाला, पापा, तुम्ही ड्रायव्हर होता, सकाळी गुपचूप पट्टी बघत जा, कमी असेल तर घाला. हवाही बघा. लुपेला सांगू नका, तिला वाटेल आपला विश्वास नाही." पुढे म्हणाले, "आमच्या बसला साधे गिअर होते. असली पट्टी नव्हती. हवा मी पायपंपाने भरायचो. व्यायाम झाला."

"तुम्हालाही सांगितलं?" फिलेमू ओरडलीच. "मला पण फोन केला त्याने! दर रविवारी पट्टी बघ, लुपेला कळू देऊ नकोस, तिला वाईट वाटेल! माझा चांगला झगा वाया गेला त्या तेलाने!"

म्हणजे ते बीट नव्हतं.

"सेतेफानो!" आम्ही तिघंही एकदम फोनवर ओरडलो. तो म्हणाला, "इकडे लाइन खराब आहे, ऐकू येत नाही," आणि फोन ठेवला. लाइन अगदी स्वच्छ होती. मागे त्याचा भाऊ खदाखदा हसत होता तेसुद्धा ऐकू आलं. मग पापा हसायला लागले, फिलेमू पोट धरून हसली, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिघांनी मिळून एका गाडीची एवढी सेवा केली की ती बंद पडली.

हसू ओसरल्यावर फिलेमू उठली. पदर सावरावा तसा झगा सावरला आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "चूक कुणाचीही असो. मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय. गाडी बंद पडली. पापा माझ्याकडे येतील."

पापांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही दोघी ठरवा," म्हणाले. "मला कुठेही चालतं."

ठरवायचं काय? तिने ठरवलंच होतं. मी आत जाऊन त्यांची बॅग भरली. गोळ्यांचा डबा, तीन लुंग्या, स्वेटर, चष्मा, बायबल. घाईने भरली, कारण हळू भरली असती तर रडले असते. पापा काठी टेकत गेले आणि फिलेमूच्या गाडीत बसले. हार गळ्यातच होते. मी बॅग डिकीत ठेवायला गेले तर फिलेमू डिकीला टेकून उभी, उन्हात, हलेना.

"किती पटकन भरलीस बॅग," ती म्हणाली. "सुटलीस एकदाची, नाही?"

चोवीस वर्षांत मी या बाईसमोर उलट शब्द काढलेला नाही. आज निघाला. "सुटले?" मी म्हटलं. "मला बोलायची परवानगी असती ना ताई, तर मी म्हटलं असतं की त्यांना नेऊ नका. सकाळी साडेसहाला माझ्या शेजारच्या सीटवर कुणी नसलं तर मी काय करू? रिकामी गाडी कुठे नेऊ?" आवाज चिरकला. शेजारची बाई कुंपणावरून बघायला लागली.

फिलेमूचं तोंड उघडं राहिलं. मग ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली. "मग बोलायला काय झालं होतं तुला, मूर्ख बाई! मी केव्हाची उन्हात उभी आहे, तू कधी नाही म्हणतेस म्हणून! माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे! लिफ्ट नाही! आठवड्यातून तीनदा त्यांना खाली कुणी आणायचं, मी पाठीवर?"

"मग विमानतळावर कशाला म्हणालात?"

"मुलगी आहे मी त्यांची! सगळ्यांसमोर 'राहू दे तुझ्याकडेच' म्हणू? लोक काय म्हणाले असते? मला वाटलं तू म्हणशील, 'नाही ताई, ते इथेच राहतील.' आणि तू म्हणालीस 'हो ताई'! तेव्हापासून मला झोप नाही!"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. तिच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब होता. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात नणंदेला कुणी अशी मिठी मारत नाही.

तेवढ्यात गाडीची काच खाली आली. हारांच्या ढिगातून पापांचा आवाज आला. "ठरलं असेल तर उतरू का मी? या गाडीत पाय मावत नाहीत."

फिलेमूने माझ्या हातातून बॅग ओढून घेतली. घरातली थोरली बहीण कधी कुणाचं सामान उचलत नाही, तिच्यासाठी दुसरे उचलतात. तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि ओटा चढून आत गेली. आतून ओरडली, "कुठली खोली? उजवीकडची का डावीकडची?"

तिच्या वडिलांची खोली सात वर्षं उजवीकडेच आहे. मी सांगितलं, "उजवीकडची, ताई." आणि पापांना उतरवायला हात पुढे केला.